कयाक, देवमासा आणि एक जुना करार

आपल्याकडे मे महिना उजाडला आणि पावसाने जरा उसंत घेतली, की सिॲटलचं रूप पालटतं. लेक युनियनवर रंगीबेरंगी कयाक दिसू लागतात. फ्रीवेवर दर दहा गाड्यांमागे एकीच्या टपावर लांबलचक निमुळती होडी बांधलेली असते. आपल्या मंडळातही कयाकिंगची हौस असलेली मंडळी आता कमी नाहीत. सॅन वॉन बेटांजवळ वल्हं मारताना अचानक समोर देवमाशाची पाठ वर येते आणि पाण्याचा फवारा उडतो, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे ते त्याबद्दल तासन् तास बोलू शकतात.

या हौशी मंडळींना एक प्रश्न गेली पंचवीस वर्षं सतावतो आहे. आपल्याच राज्याच्या वायव्य टोकाला राहणाऱ्या एका मूलनिवासी जमातीला देवमाशाची शिकार करायची आहे. तसा हक्क त्यांना अमेरिकन सरकारने लेखी दिलेला आहे. मग या शिकारीला विरोध करायचा की पाठिंबा द्यायचा? या प्रश्नावर कयाकवाल्यांमध्ये सरळसरळ दोन तट पडले. वाद वरवर प्राणीप्रेमाचा वाटतो, पण जरा खोलात गेलं की तो इतिहासाचा निघतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

होडी कोणाची?

सुरुवात कयाकपासूनच करू. हा शब्द आर्क्टिक प्रदेशातल्या इनुइट लोकांचा. ग्रीनलंडपासून अलास्कापर्यंत, जिथे झाडं जवळजवळ उगवतच नाहीत अशा किनाऱ्यांवर ही होडी जन्माला आली. समुद्रातून वाहत आलेली लाकडं आणि हाडं यांचा सांगाडा करायचा आणि त्यावर सीलचं कातडं ताणून शिवायचं. शिंपी अंगाचं माप घेतो तसं होडी वापरणाऱ्याच्या शरीराचं माप घेऊन ती बांधली जाई. आवाज न करता सावजाच्या जवळ जाणं हा तिचा मुख्य गुण. आज कयाक उलटल्यावर गिरकी घेऊन पुन्हा सरळ होण्याची जी करामत क्लासमध्ये शिकवतात, ती मुळात जीव वाचवण्याची विद्या होती. त्या बर्फाळ पाण्यात होडीबाहेर पडलेला माणूस काही मिनिटांचाच सोबती.

अलास्काच्या अल्यूशन बेटांवरचे आणि कोडियाक बेटावरचे लोक अशाच छोट्या होड्यांतून देवमाशाची शिकार करत. भाल्याच्या दगडी पात्याला ते एका वनस्पतीचं विष लावत. ही वनस्पती आपल्या बचनागाच्याच कुळातली. ग्रीनलंडच्या अगदी उत्तरेला, कानाक भागात, नारव्हाल नावाच्या लांब सुळ्याच्या देवमाशाची शिकार आजच्या काळातही कयाकमधून चालत आली आहे. आधी कयाकमधून हार्पून, म्हणजे दोरी बांधलेला भाला, मारायचा आणि मगच बंदूक चालवायची, असा तिथला नियम आहे. जखमी जनावर बुडून वाया जाऊ नये, हा त्यामागचा हेतू.

थोडक्यात, आपण वीकेंडला ज्या होडीत बसून निसर्गाच्या शांततेचा आनंद घेतो, ती मुळात शिकाऱ्याचं हत्यार आहे. हे एकदा ध्यानात घेतलं, की पुढचा वाद वेगळा दिसू लागतो.

मकाह: समुद्राचे लोक

आता आपल्या राज्यात येऊ. ऑलिंपिक द्वीपकल्पाच्या टोकावर, केप फ्लॅटरीजवळ, निआ बे नावाचं गाव आहे. तिथे मकाह जमात राहते. (आपल्या मक्याशी याचा काही संबंध नाही!) हे नाव त्यांना शेजारच्या जमातीने दिलं आणि त्याचा अर्थ ‘पोटभर जेवू घालणारे’ असा सांगतात.

मकाहांची होडी कयाक नव्हे. लाल देवदाराचं अख्खं खोड कोरून ते मोठी होडी बनवत आणि आठ जण मिळून ती वल्हवत. किमान दीड हजार वर्षं त्यांनी अशा होड्यांतून देवमाशांची शिकार केली. शिकारीचा मान विशिष्ट घराण्यांचा असे. निघण्यापूर्वी कित्येक आठवडे प्रमुख शिकारी उपास करी, थंड पाण्यात स्नानं करी, एकांतात प्रार्थना करी. तो समुद्रावर असताना त्याच्या पत्नीने घरी निश्चल पडून राहायचं, म्हणजे देवमासाही शांत राहतो, अशी श्रद्धा होती. हार्पूनचा दांडा यू नावाच्या चिवट झाडाचा आणि पातं मोठ्या शिंपल्याचं. त्याला बांधलेले सीलच्या कातड्याचे फुगवलेले तरंगते फुगे देवमाशाला खोल जाऊ देत नसत. देवमासा मेला की एक जण थंड पाण्यात उडी मारून त्याचं तोंड शिवून बंद करी. पाणी आत शिरलं तर ते प्रचंड धूड तळाशी जाणार आणि सगळ्यांचे कष्ट पाण्यात!

हे सगळं केवळ दंतकथांवर आधारलेलं नाही. निआ बेच्या दक्षिणेला ओझेट नावाचं मकाहांचं जुनं गाव होतं. काही शतकांपूर्वी डोंगराची दरड कोसळून त्यातली घरं चिखलाखाली गाडली गेली. १९७० च्या हिवाळ्यात वादळी लाटांनी किनारा खचला आणि जुन्या वस्तू उघड्या पडल्या. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीचे प्राध्यापक रिचर्ड डॉहर्टी यांनी मकाहांच्या सोबतीने तिथे अकरा वर्षं उत्खनन केलं. ओल्या चिखलात हवा न पोचल्यामुळे लाकूड, दोर, टोपल्या असं सहसा न टिकणारं सामान शाबूत राहिलं होतं. ५५ हजारांहून अधिक वस्तू मिळाल्या. त्यात देवमाशाच्या पाठीवरच्या पराच्या आकाराचं एक लाकडी शिल्प आहे. त्यावर समुद्री ऊदमांजरांचे सातशेहून अधिक दात जडवलेले आहेत. ज्या समाजाने रोजच्या शिकारीसाठी एवढी कला खर्च केली, त्याच्या लेखी देवमासा केवळ मांस नव्हता, हे सांगायला वेगळा पुरावा नको.

१८५५ चा जानेवारी

इतिहासाची खरी मेख आहे ती १८५५ सालात. वॉशिंग्टन तेव्हा राज्य झालेलं नव्हतं, नुसता प्रदेश होता. गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स यांना गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी जमीन मोकळी करून हवी होती. महिन्याभरात एकामागून एक करार उरकण्याचा त्यांनी सपाटा लावला. २२ जानेवारी १८५५ रोजी मकिल्टिओजवळ पॉइंट एलियटचा करार झाला. त्यात सिॲटल, एव्हरेट आणि आजूबाजूचा मोठा भूभाग सरकारकडे गेला. बरोबर नऊ दिवसांनी, ३१ जानेवारीला, निआ बेला मकाहांबरोबर करार झाला.

मकाहांची अवस्था तेव्हा बिकट होती. दोन-तीन वर्षांपूर्वीच देवीच्या साथीने गावंच्या गावं ओस पडली होती. वाटाघाटी धड इंग्रजीतही नव्हत्या आणि मकाह भाषेतही नव्हत्या. किनाऱ्यावरच्या व्यापारात चालणाऱ्या चिनूक जार्गन या मोडक्यातोडक्या मिश्रभाषेत त्या झाल्या. तरीही एका गोष्टीवर मकाह अडून बसले. ओझेटच्या प्रमुखाने, समुद्र हाच माझा देश आहे, या आशयाचं निवेदन केल्याची नोंद आहे. सुमारे तीन लाख एकर जमीन त्यांनी सोडली आणि बदल्यात मासे, सील आणि देवमासे धरण्याचा हक्क करारात लिहून घेतला. अमेरिकेने मूलनिवासींशी शेकडो करार केले, पण देवमाशाच्या शिकारीचा उल्लेख असलेला हा एकमेव.

पुढे सरकारने काय केलं? समुद्रावर जगणाऱ्या या लोकांना शेतकरी करायचं ठरवलं, तेही वर्षाला शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडणाऱ्या दलदलीच्या जागी! मुलांना शाळांत डांबून त्यांची भाषा तोंडातून काढून टाकण्याचे प्रयत्न झाले. परदेशात मुलांची मराठी टिकावी म्हणून रविवारच्या शाळा चालवणाऱ्या आपल्यासारख्यांना, भाषा शिक्षा देऊन विसरायला लावणं म्हणजे काय, याची कल्पना करणं अवघड जाऊ नये.

समुद्र कोणी रिकामा केला?

करारावरची शाई वाळते न वाळते तोच दक्षिणेला दुसरं नाटक सुरू झालं. करडे देवमासे दर हिवाळ्यात अलास्कापलीकडच्या समुद्रातून मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या खाड्यांत पिल्लं घालायला जातात. जाऊन-येऊन हा प्रवास दहा हजार मैलांच्या घरात जातो. १८५७ च्या सुमारास कॅप्टन चार्ल्स स्कॅमन आणि त्यांच्या मागोमाग इतर व्यापारी जहाजं या खाड्यांत शिरली. माद्या आणि पिल्लं यांची बेसुमार कत्तल झाली. दिव्यांना तेल हवं होतं. पुढे विसाव्या शतकात कारखानेवजा जहाजं आली आणि उरलंसुरलं संपत आलं.

१९२० च्या दशकात मकाहांनी आपणहून शिकार थांबवली, कारण मारायला देवमासेच उरले नव्हते. आंतरराष्ट्रीय संरक्षण त्यानंतर, १९३० च्या दशकात आलं. म्हणजे समुद्र रिकामा केला एकाने आणि उपास घडला दुसऱ्याला.

संरक्षणाचा उपयोग मात्र झाला. करड्या देवमाशांची संख्या वाढत गेली आणि १९९४ मध्ये पूर्व पॅसिफिकमधल्या या कळपाचं नाव संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून काढण्यात आलं. लगेच १९९५ मध्ये मकाहांनी सरकारला कळवलं, की आम्हांला आमचा हक्क पुन्हा बजावायचा आहे.

१७ मे १९९९

१९९७ मध्ये मोनॅको इथे आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाच्या बैठकीत अमेरिका आणि रशियाने एकत्र मागणी मांडली. पाच वर्षांसाठी ६२० करड्या देवमाशांचा कोटा मंजूर झाला. त्यातले बहुतेक रशियातल्या चुकोत्का भागातल्या मूलनिवासींसाठी होते आणि मकाहांच्या वाट्याला जास्तीत जास्त २०.

१९९८ च्या शरद ऋतूत निआ बेला अक्षरशः वेढा पडला. विरोधकांच्या बोटी, पत्रकार, कोस्ट गार्ड आणि वरून घिरट्या घालणारी हेलिकॉप्टरं. शेवटी १७ मे १९९९ च्या सकाळी ‘हमिंगबर्ड’ नावाच्या देवदाराच्या होडीतून मकाहांनी तीसेक फुटांची एक मादी मारली. आधी हार्पून, मग सोबतच्या मोटरबोटीतून शक्तिशाली रायफलची गोळी. सत्तर वर्षांनंतरचा हा पहिला देवमासा. किनाऱ्यावर ढोल वाजत होते, म्हातारी माणसं रडत होती आणि टीव्हीवर लाखो लोक हे थेट पाहत होते.

प्रतिक्रिया भयंकर उमटल्या. वर्तमानपत्रांत संतप्त पत्रांचा पाऊस पडला. देवमासा वाचवा आणि त्याऐवजी इंडियन मारा, अशा अर्थाचे स्टिकर गाड्यांवर झळकले. शाळेत बाँबच्या धमक्या आल्या. प्राण्याच्या दयेपोटी सुरू झालेली गोष्ट माणसांच्या द्वेषापर्यंत किती झटकन पोचते, याचा हा नमुना.

दोन्ही बाजूंचं म्हणणं

विरोध करणारे सगळेच द्वेष्टे नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. खुद्द मकाहांमधल्या काही वृद्धांचाही विरोध होता. कयाकवाल्यांचे मुद्दे विचार करण्यासारखे आहेत. देवमासा बुद्धिमान सस्तन प्राणी आहे. बोटींना सरावलेला करडा देवमासा माणसाजवळ निर्धास्त येतो, मग त्याला मारणं हा विश्वासघात नाही का? आज मकाहांचं पोट देवमाशावर अवलंबून नाही. मोटरबोट आणि रायफल वापरली तर परंपरा कसली? आणि या निमित्ताने व्यापारी शिकार करणाऱ्या देशांना पळवाट मिळाली तर?

दुसऱ्या बाजूची उत्तरंही तशीच सडेतोड आहेत. रायफल आली ती देवमाशाला तासन् तास तडफडत ठेवू नये म्हणून, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने. फक्त हार्पून वापरला असता तर क्रूर म्हटलं असतं, रायफल वापरली तर खोटं म्हटलं. मग करायचं तरी काय? शिवाय आपली कयाक आता फायबरग्लासची किंवा प्लॅस्टिकची असते. सीलच्या कातड्याऐवजी आपण निओप्रीन घालतो. तरी ती कयाक नव्हे, असं कोणी म्हणत नाही. काळाप्रमाणे बदलण्याची मुभा आपल्याला आहे आणि मूलनिवासींनी मात्र म्युझियममधल्या पुतळ्यासारखं राहायचं, हा न्याय कुठला?

हा पेच आपल्यालाही अनोळखी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा महाराष्ट्रातही परंपरा आणि प्राण्यांचे हाल यांवरून असंच रण माजलं होतं. २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा सुधारित कायदा वैध ठरवला. दोन्हींत एक फरक मात्र मोठा आहे. बैलगाड्यांसाठी कोणी परक्या सरकारला जमीन देऊन लेखी हमी घेतलेली नव्हती. मकाहांनी किंमत आधीच मोजलेली आहे.

कोर्टकचेरी आणि आजची स्थिती

१९९९ नंतर प्रकरण न्यायालयात अडकलं. २००० मध्ये अपील न्यायालयाने सरकारचा पर्यावरणीय अभ्यास अपुरा ठरवला. २००२ मध्ये निकाल आला, की करार असला तरी १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्यातून मकाहांना आधी रीतसर सूट घ्यावी लागेल. २००५ मध्ये त्यांनी अर्ज केला आणि ते वाट पाहत बसले.

सप्टेंबर २००७ मध्ये पाच मकाहांचा धीर सुटला. परवानगीशिवाय त्यांनी एका देवमाशावर हार्पून आणि गोळ्या चालवल्या. तो कित्येक तासांनी मेला आणि बुडाला. कोणाच्याच हाती काही लागलं नाही. जमातीच्या नेत्यांनी स्वतः या कृत्याचा निषेध केला आणि त्यांतल्या दोघांना तुरुंगवास झाला. ज्यांना मकाहांबद्दल सहानुभूती होती त्यांनाही या घटनेने खजील केलं.

अखेर जून २०२४ मध्ये, अर्ज केल्यानंतर एकोणीस वर्षांनी, केंद्र सरकारने सूट मंजूर केली: दहा वर्षांत जास्तीत जास्त २५ देवमासे, म्हणजे वर्षाला दोन किंवा तीन. प्रत्यक्ष शिकारीसाठी स्वतंत्र परवान्याची अट त्यात ठेवलेली आहे.

पण निसर्गानेही दरम्यान बाजू बदलली. २०१६ च्या सुमारास करडे देवमासे २७ हजारांच्या आसपास होते. २०१९ पासून किनाऱ्यांवर खंगलेले, मेलेले देवमासे येऊ लागले. उत्तरेकडच्या समुद्रातलं त्यांचं अन्न घटल्याचं शास्त्रज्ञ सांगतात. २०२५ च्या अंदाजानुसार संख्या १३ हजारांच्या आसपास उतरली. वर्षाला दोन-तीन देवमाशांनी या आकड्यात फारसा फरक पडणार नाही, हे खरं. तरी शिकार कधी आणि किती, हे ठरवताना या आकड्यांकडे पाहावंच लागेल. १९२० च्या दशकात मकाहांनी कोणीही न सांगता ते पाहिलं होतं, हे विसरू नये.

आपला संबंध काय?

कोणी म्हणेल, आपण इथे नोकरीधंद्यासाठी आलेली माणसं, यात आपला संबंध काय? संबंध आपल्या घराच्या कागदपत्रांत आहे. बेलव्ह्यू, रेडमंड, बॉथेल, सिॲटल इथली आपली घरं ज्या जमिनीवर उभी आहेत, ती पॉइंट एलियटच्या करारामुळे विकाऊ झाली. त्याच गव्हर्नरने, त्याच महिन्यात, त्याच पद्धतीने तो करार केला होता. आपण एका करारातली जमीन बिनदिक्कत विकत घ्यायची आणि नऊ दिवसांनंतरच्या करारातला समुद्र मात्र भावनेचा प्रश्न म्हणून नाकारायचा, हे हिशेबात बसत नाही. करार पाळायचा तर दोन्ही बाजूंनी पाळावा लागतो.

देवमाशाची शिकार पाहून आनंद वाटावा, असं मुळीच नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी अंडंही शिजत नाही, त्यांना तर तो विचारही सहन होणार नाही, आणि तसं म्हणण्याचा त्यांना अधिकार आहे. पण नको वाटणं वेगळं आणि दुसऱ्याचा हक्क काढून घेणं वेगळं. एखाद्या समाजाची होडी, टोपल्या, मुखवटे, ढोल आपल्याला आवडतात. ज्या कामासाठी ते सगळं घडलं, ते मात्र आपल्याला नको असतं. आपल्याला आवडतं तेवढंच ठेवा असं सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात जाऊन त्याच्या देव्हाऱ्यातले देव निवडण्यासारखं आहे. शिकार पुढे चालू ठेवायची की पुन्हा एकदा थांबवायची, हा निर्णय विज्ञानाची मर्यादा सांभाळून मकाहांनी घ्यायचा आहे.

या उन्हाळ्यात एखाद्या लाँग वीकेंडला निआ बेला जरूर जाऊन या. सिॲटलहून चार-साडेचार तासांची ड्राइव्ह आहे. गावात मकाहांचा परवाना विकत घ्या, केप फ्लॅटरीची छोटी पायवाट चाला आणि म्युझियमसाठी निदान दोन तास ठेवा. ओझेटच्या वस्तू १९७९ पासून तिथे आहेत. त्या सातशे दातांच्या शिल्पापुढे मुलांना थोडा वेळ उभं करा. तिथेच १९९९ च्या त्या देवमाशाचा सांगाडाही टांगलेला आहे. निआ बेच्या शाळेतल्या मुलांनी हाडं स्वच्छ करून तो जोडला. आपली मुलं नक्कीच विचारतील, याला का मारलं? उत्तर देताना गोष्टीची सुरुवात १९९९ पासून न करता १८५५ पासून करा.